फोटोत होतं ते कुठे गेलं? फसलेल्या सहलींचे अनुभव

उलटी सॅक

गेल्या आठवड्यात भिशीला सहज विषय निघाला, "पैसे पाण्यात गेले असं वाटलेली सहल कुठली?" चहा दोनदा झाला तरी विषय संपेना. नणंद म्हणाली, महाबळेश्वर. शेजारच्या काकू एरवी कशालाही नावं ठेवत नाहीत, त्या म्हणाल्या, पॅरिस. म्हणून इथेही विचारतेय. जिथे जायची वर्षानुवर्षं इच्छा होती आणि पोचल्यावर "हेच का ते?" असं झालं, अशी जागा सांगा. नुसतं "बकवास, जाऊ नका" नको, नेमकं काय बिनसलं ते लिहा. हॉटेलांची आणि टूरवाल्यांची नावं घेऊन भांडणं नकोत.

माझ्यापासून सुरुवात. केरळातल्या अलेप्पीची हाउसबोट. लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून आम्ही दोघं, लेक आणि सासूबाई असे गेलो (दहाव्या वाढदिवसाला सासूबाई कशा, हा वेगळा धागा होईल). माझ्या डोक्यातलं चित्र असं: चांदणं पडलंय, बोट संथ चाललीय आणि मी पुढच्या वेताच्या खुर्चीत पाय पसरून बसलेय. प्रत्यक्षात दुपारी बाराला बोटीवर चढलो, जेवलो, तीनेक तास फिरलो, आणि साडेपाचला बोटवाल्याने ती एका बांधाला आणून दोराने बांधून टाकली. मला वाटलं, चहासाठी थांबलाय. "निघायचं कधी?" तर म्हणे, "मॉर्निंग."

संध्याकाळनंतर तिथले मच्छीमार जाळी टाकतात, त्यामुळे हाउसबोटी रात्री हलत नाहीत. नियम अगदी रास्त. पण बुकिंगच्या वेळी कोणी अवाक्षर काढलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. एसी रात्री नऊनंतर, तोवर पंखा आणि डास. शेजारी सात-आठ बोटी ओळीने बांधलेल्या, प्रत्येकीवर जनरेटर घरघरतोय, तिसऱ्या बोटीवर कोणाचा तरी वाढदिवस. दिवसा पाण्यावर बोटींची रांग म्हणाल तर आपल्या पुण्यातला सिंहगड रोड, आणि मध्ये मध्ये जलपर्णीचे हिरवेगार पट्टे. सासूबाई बराच वेळ ते बघत होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, "ही तर आपल्या मुठेतही आहे की गं."

निवृत्त हेडक्लार्क

आमची जागा दार्जिलिंगची टायगर हिल. वर्ष १९९८, एलटीसी, नागपूरहून आम्ही दोघे आणि दोन मुले. महिना अर्थातच मे, कारण शाळेला सुटी तेव्हाच.

पहाटे साडेतीनला जीपवाल्याने दार बडवले. टायगर हिल गावापासून अकरा किलोमीटर, उंची २,५९० मीटर. नागपूरच्या मे महिन्यातून आलेल्या माणसांना ती थंडी म्हणजे शिक्षाच. सौ.ने दोन स्वेटरांवर हॉटेलची रजई गुंडाळली होती आणि ती परत करताना काय सांगायचे, याचीच तिला चिंता. मी मात्र गाडीत मुलांची शिकवणी घेत होतो. समोर कांचनजंगा दिसेल, ८,५८६ मीटर, जगात तिसरे. आधी त्याचे टोक लाल होईल, मग गुलाबी, मग सोनेरी.

वर पोचलो तर माणसांचा समुद्र आणि त्यापुढे धुक्याची भिंत. थर्मासमधून कॉफी विकणाऱ्या बायकांकडून दोन दोन कप घेतले. हळूहळू सगळीकडे राखाडी उजेड झाला, म्हणजे सूर्य उगवला असणार. कोणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. कशाला, ते विचारले नाही.

पुढची गोष्ट घरात कोणाला खरी वाटत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वाळत टाकलेला टॉवेल आणायला गच्चीवर गेलो, टॉवेल बाजूला केला, तर मागे पूर्ण कांचनजंगा. पांढराशुभ्र आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी उंचावर. मी क्षितिजाशी शोधत होतो आणि तो ढगांच्याही वर उभा. मुलांना हाका मारत जिना उतरलो, ती डोळे चोळत वर येईपर्यंत पडदा पडलेला. पंचवीसहून जास्त वर्षे झाली, मुले अजून म्हणतात, "बाबांना टॉवेलमागे कांचनजंगा दिसला होता."

जाणकार सांगतात, आकाश स्वच्छ हवे तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात जावे. तेव्हा सहामाही परीक्षा असत.

दोन चमचे साखर

उलटी सॅक, तुमच्या पॅरिसवाल्या काकूंना माझा साष्टांग नमस्कार सांगा. आम्ही एकाच बसमध्ये असू!

दहा दिवसांत सात देश अशी सहल. लूव्र संग्रहालयाला टूर मॅनेजरने दिले दीड तास, त्यात स्वच्छतागृहाची रांगही धरलेली. त्याने छत्री वर धरली आणि आम्ही चाळीस माणसं वारीत दिंडीमागे पळावं तशी पळालो. बाकी काही बघायचं नाही, थेट मोनालिसा. त्या दालनात शिरलो तर समोर शे-दोनशे हात वर, प्रत्येक हातात मोबाइल, आणि पार पलीकडे काचेमागे एक चौकट. ७७ बाय ५३ सेंटिमीटर. आमच्या देवघरातली दत्ताची तसबीर साधारण तेवढीच आहे. मी मोनालिसा पाहिली ती पुढच्या माणसाच्या मोबाइलमध्ये, आणि त्यालाही ती नीट घेता येत नव्हती.

आता खरी चुटपुट. परत वळले तेव्हा कळलं की सगळे ज्या भिंतीकडे पाठ करून उभे आहेत, त्या भिंतीवर एक प्रचंड चित्र आहे. लग्नाची पंगत. जवळपास दहा मीटर रुंद, पावणेसात मीटर उंच. वाढपी, वाजंत्री, कुत्री, मांजर, दागिने, कोण कोणाच्या कानात काय सांगतंय ते सगळं. व्हेरोनेसे नावाच्या चित्रकाराचं, त्या संग्रहालयातलं सगळ्यात मोठं चित्र. आपली लग्नं पाहिलेल्या माणसाने तिथे तासभर सहज काढावा. मला मिळालं जेमतेम एक मिनिट, कारण छत्री निघाली होती.

दोन दिवसांनी ब्रुसेल्स. तिथल्या प्रसिद्ध "शू करणाऱ्या मुलाचा" पुतळा. गल्ली-बोळांतून चालत चालत गेलो. कोपऱ्यावर गर्दी. सासरे विचारतात, "कुठाय?" मी म्हटलं, "तो काय, नळाच्या वर." दोन फुटांचं पोर! त्यातही बाहेर आहे ती प्रतिकृती, मूळचं संग्रहालयात. बाबा दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "व्हिसासाठी बोटांचे ठसे दिले होते ना आपण?"

आळशी भटक्या

सिंगापूरचा मरलायन. वर सिंहाचं तोंड, खाली माशाची शेपटी, तोंडातून पाणी. उंची साडेआठ मीटरच्या आसपास, मागे पन्नास मजली इमारती, त्यामुळे तो बिचारा आणखीच बुटका दिसतो. तरी मी तोंड उघडून, त्याचं पाणी माझ्या तोंडात पडतंय असा फोटो काढलाच. सगळे काढतात. हाच काय तो अनुभव.

घाटमाथा

कास पठार. सप्टेंबरचा शेवटचा रविवार, आधी ऑनलाइन पास काढून, पुण्याहून पहाटे चारला निघालो. फोटोत क्षितिजापर्यंत रंगीत गालिचा. प्रत्यक्षात गवत, चिखल, रेनकोट घातलेली माणसं आणि गवतात कुठेतरी टाचणीच्या डोक्याएवढं काहीतरी. आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, सोसायटीच्या बागेत याहून मोठी फुलं आहेत." उत्तर सुचलं नाही. येताना गाड्यांच्या रांगेत तीन तास, दोन गाणी आणि एक भांडण.

सातारी कंदी

घाटमाथा, राग मानू नका, पण तुमचं वाचून हसावं की रडावं कळेना. आम्ही साताऱ्याचे. कास आम्हाला अंगणातलं.

पहिली गोष्ट, तो गालिचा. फोटोवाले कॅमेरा जमिनीला टेकवून फोटो काढतात. वीतभर उंचीची फुलं मग एकामागे एक दाटीने दिसतात, थेट आभाळापर्यंत. तुम्ही साडेपाच फुटांवरून बघता, तुम्हाला मधलं गवत दिसतं. फोटो खोटा नसतो, फक्त तो पोटावर झोपून काढलेला असतो.

दुसरी, फुलं बारीक का. पठार म्हणजे जांभ्याचा कातळ आणि त्यावर बोटभर माती. मुळं धरायला जागा नाही, मातीत कस नाही. तिथे मोठं झाड उभंच राहत नाही. जे टिकतं ते बारीक आणि हिकमती. सीतेची आसवं नावाचं जांभळं फूल आहे, नखाएवढं. दिसायला इतकं नाजूक, पण ते झाड कीटकभक्षी आहे. ओल्या मातीत त्याच्या सूक्ष्म पिशव्या असतात, त्यात बारीक जीव ओढून घेतं, कारण मातीतून जे मिळत नाही ते कुठून तरी मिळवायला हवं. दवबिंदू म्हणून दुसरं आहे. त्याच्या पानांवरच्या केसांना चिकट थेंब असतात, सकाळच्या उन्हात चमकतात, आणि नीट बघितलं तर एखाद्या थेंबात चिलट अडकलेलं असतं. मी एकदा अर्धा तास असा बसून होतो. पाठीमागून एक बाई म्हणाल्या, "यांचं काही हरवलंय का?"

पांढरे गेंद, गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी, लहान मुलं ज्याला मिकी माउस म्हणतात ते पिवळं फूल. एकाचा बहर ओसरतो तेव्हा दुसरं येतं. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदा फुलते. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागा जागतिक वारशात गेल्या त्यात कास आहे, ते काही गालिच्यासाठी नाही.

आता तुमच्या बाजूने. शनिवार-रविवारी आम्ही सातारकर तिकडे फिरकत नाही. सेल्फीसाठी फुलांत फतकल मारून बसलेली माणसं बघितली की रक्त आटतं. पुढच्या खेपेला मधल्या वारी या, ऊन असेल तर फारच उत्तम, आणि पोराच्या हातात दहा रुपयांचं भिंग द्या.

घाटमाथा

सातारी कंदी, रविवारी गुडघे टेकले असते तर मागचे तुडवून पुढे गेले असते. पण भिंगाचं पटलं. घेतो.

उभी लोकल

माझा अनुभव जागेने फसवल्याचा नाही, आम्हीच जागेला फसवल्याचा. भंडारदऱ्याचे काजवे.

मे संपता संपता, पहिल्या मोठ्या पावसाच्या आधी, कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या परिसरात झाडंच्या झाडं लुकलुकतात. रील्स बघून ऑफिसातले आठ जण, दोन गाड्या, शनिवारी दुपारी ठाण्याहून निघालो. कसारा घाट, घोटी, आणि पुढे अंधार पडल्यावर जे काही झालं ते लिहायलाही लाज वाटते. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंनी गाड्या, सगळ्यांचे हेडलाइट लांबवर. काजवा चमकतो तो जोडीदाराला "मी इथे आहे" सांगायला. त्याच्यावर दोनशे गाड्यांचा झोत मारला तर तो काय सांगणार आणि कोणाला? आम्ही तासभर हेडलाइटच्या उजेडात समोरच्या गाडीची नंबर प्लेट बघत होतो.

शेवटी उतरून चालत गेलो. एका झाडाखाली माणसांचा घोळका. कोणाच्या तरी स्पीकरवर गाणं. झाडावर दहा-बारा ठिपके चमकले की "आले आले!" आणि पन्नास फ्लॅश. एक काका लेकीला प्लास्टिकच्या बाटलीत काजवे भरून देत होते. आमच्यातल्या एकाने हटकलं तर म्हणाले, "तिकीट काढलंय आम्ही."

रात्री एक वाजता परतीच्या वाटेवर मैत्रिणीला उलटी झाली म्हणून गाडी बाजूला घेतली. दिवे बंद. ती ओहोळाशी तोंड धुवत होती, मी पाण्याची बाटली धरून उभी. मिनिटभराने डोळे अंधाराला सरावले आणि लक्षात आलं की समोरचं झाड, बहुतेक हिरड्याचं, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एका लयीत पेटतंय, विझतंय. मग शेजारचं. लाट आल्यासारखं या झाडावरून त्या झाडावर. आम्ही दोघीच होतो. बाकीचे सहा जण गाडीत झोपले होते आणि आम्ही त्यांना उठवलं नाही. हे त्यांना इथे कळलं तर कळू दे.

बटाटेवडा एक प्लेट

रोहतांग. जूनमध्ये मनालीहून. गाड्यांवर रोजची मर्यादा आहे, परमिट काढावं लागतं, ते काढण्यातच एक दिवस गेला. वाटेत ड्रायव्हरने एका ठरलेल्या दुकानापुढे गाडी थांबवली. रस्त्याकडेला आकडे घातलेली दुकानंच दुकानं, भाड्याने बर्फाचे सूट आणि गमबूट. आधीच्या माणसाच्या घामाने ओलसर, लाल-निळा, गुडघ्याला फाटलेला सूट घालून आई-बाबांसकट आम्ही पाच जण अंतराळवीर झालो. वर ३,९७८ मीटरवर पोचलो तर कडक ऊन, चिखल, आणि रस्त्याच्या कडेला उरलेला काळपट बर्फ, फ्रीज डीफ्रॉस्ट केल्यावर राहतो तसा. सूट काढावा तर हातात धरावा लागेल. आईने तेवढ्यात मूठभर बर्फ बाबांच्या कॉलरमध्ये टाकला. पस्तीस वर्षांच्या संसारात मी तिला असं करताना पहिल्यांदा बघितलं. सुटाचं भाडं तिथे वसूल.

तारकर्लीचो

मी तारकर्लीत तीन खोल्या चालवतो, म्हणजे तुमच्या निराशेच्या दुसऱ्या टोकाला उभा असतो. पाहुणे येतात, मोबाइलमधला व्हिडिओ दाखवतात आणि विचारतात, "असं पाणी कुठे आहे?" व्हिडिओ बघतो तर तो अंदमानचा, नाहीतर मालदीवचा, वर नाव मालवणचं. मी काही बोलायच्या आत आई आतून ओरडते, "दर्या काय आमी रंगवूक नाय!"

स्कूबाचं सांगतो. थंडीत, वारा पडलेला असला, की सिंधुदुर्गाजवळ पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असतं. मे महिन्याच्या गर्दीत ते गढूळ दिसलं तर नवल नाही. पाण्याखाली तुम्ही असता पंधरा-वीस मिनिटं, तीही इन्स्ट्रक्टरच्या हाताला धरून. मासे जमावेत म्हणून काही जण पावाचे तुकडे टाकतात, तेवढ्यात फोटो. हे आधी सांगितलं की गिऱ्हाईक जातं, नाही सांगितलं की शिव्या मिळतात. मी सांगतो. तोटा होतो थोडा.

माझं गाऱ्हाणं वेगळंच आहे. किल्ल्यावर बोट तासभर सोडते. त्यातला अर्धा वेळ लोक दारात सरबत पीत काढतात. चारी बाजूंना खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. १६६४ साली काम सुरू झालेल्या किल्ल्याला प्यायचं पाणी कसं पुरलं असेल, हे त्या काठावर उभं राहून कोणाला विचारावंसं वाटत नाही. तटावरून चालत गेलं तर पश्चिमेला जो वारा लागतो, तो कुठल्या व्हिडिओत येत नाही. आणि पाऊस लागला की बोटी बंद. जुलैत येऊन "किल्ला का नाही दाखवत?" म्हणून माझ्याशी भांडू नका.

पश्चिमेची खिडकी

कन्याकुमारी, मे महिना. "एकाच जागी समुद्रातून सूर्योदय आणि समुद्रात सूर्यास्त" हे भूगोलात पाठ केलेलं. सूर्योदय छान झाला. संध्याकाळी दोन तास आधी जागा धरून बसलो, आणि सूर्य खुशाल जमिनीकडे, घरांच्या मागे गेला. चणेवाला म्हणाला, हिवाळ्यात या, तेव्हा पाण्यात बुडतो. उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडे सरकलेला असतो हेही भूगोलातच होतं, पण तो धडा परीक्षेला नव्हता. विवेकानंद शिला स्मारकाच्या बोटीची रांगही लांबलचक. तिथे मात्र एक समाधान, की १९७० साली उभं राहिलेलं हे स्मारक ज्यांनी नेटाने पुरं केलं ते एकनाथजी रानडे आपले मराठी, एवढं सांगून मी मुलांना रांगेत पाऊण तास गप्प बसवलं.

पहिलीच ट्रिप

उलटी सॅक ताई, तुमचं वाचून पोटात गोळा आला. डिसेंबरात आईबाबांसाठी अलेप्पीची हाउसबोट बुक केलीय, त्यांच्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवस. निम्मे पैसे भरून झालेत. रद्द करू का?

उलटी सॅक

अगं नको! मी अर्धंच लिहिलं होतं. बोट साडेपाचला बांधली जाते हे आईबाबांना आधीच सांगून ठेव, म्हणजे वाट बघणं होणार नाही. बोटवाल्याला शक्य असेल तर रांगेपासून लांब, एखाद्या बांधाशी बांधायला सांग. आमच्या बोटवाल्याला दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाला, "मॅडम, कल बोलना था ना."

आणि सकाळी सहाला लहान वल्ह्याची होडी मिळते, ती नक्की घ्या. मोठ्या बोटी शिरत नाहीत अशा बारीक कालव्यांतून नेतात. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला भातशेती, आणि शेती पाण्याच्या पातळीपेक्षा खाली. आपण होडीत बसून शेताकडे खाली बघतो, ते डोळ्यांना पटतच नाही. दारातल्या पायरीवर एक बाई भांडी घासत होती, सासूबाईंनी तिला हातानेच "राखेने का?" असं विचारलं, तिने साबण उचलून दाखवला, दोघी हसल्या. त्या पाऊण तासात आमच्यापैकी कोणी फोन काढला नाही, त्यामुळे फोटो एकही नाही.

करिमीन मासा केळीच्या पानात भाजलेला मागा, आईबाबा खात असतील तर. आणि डासांचं मलम दोन ट्यूब घे. एक पुरत नाही.